डोळा मध्येच बोलतो

माझ्या फाइलमध्ये त्या पेशंट ताई चेहऱ्याच्या लकव्यातून बऱ्या झालेल्या होत्या. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ‘हाउस-ब्रॅकमन ग्रेड २. डोळा पूर्ण मिटतो. हसू जवळपास सारखं. घरचे व्यायाम चालू ठेवणे.’ हाउस-ब्रॅकमन ही लकवा मोजायची पट्टी, आणि ग्रेड २ म्हणजे थोडासाच दोष उरलेला. खाली माझी सही. त्याच फाइलला चार महिन्यांनी नवं पान जोडावं लागलं. त्या दिवसाला आता बरेच आठवडे होऊन गेले, तरी ते शेवटचं पान काही डोक्यातून जात नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चेहऱ्याच्या लकव्याचे पेशंट १६ वर्षं पाहते आहे. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे वाकडं झालेलं तोंड सरळ करणं. खरं तर पहिल्या आठवड्यात तोंडाकडे आमचं फारसं लक्षच नसतं. सगळं लक्ष डोळ्याकडे असतं. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, आणि त्याला जखम झाली तर नजरेवर बेतू शकतं. म्हणून दिवसभर थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी. बेल्स पाल्सीत, म्हणजे अचानक येणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्यात, दहातल्या सात जणांचा चेहरा काहीही न करता पूर्ववत होतो. पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्याहूनही जास्त जणांचा. आमची खरी गरज असते ती उरलेल्यांना, आणि नेमके हेच लोक ‘झालं की आता बरं’ या वाक्यावर घरी पाठवले जातात.

या ताई सांकेतिक भाषेच्या दुभाषी. कर्णबधिर माणूस आणि डॉक्टर, कर्णबधिर माणूस आणि वकील, यांच्या मधे उभं राहून दोन्ही बाजूंचं बोलणं पोचवायचं, हे त्यांचं काम. आल्या तेव्हा डावी बाजू पूर्ण गेलेली. सकाळी चूळ भरताना पाणी ओठातून गळायला लागलं, आदल्या दिवसापासून कानामागे दुखत होतं, अगदी नेहमीची कहाणी. गोळ्या वेळेत सुरू झाल्या होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं होतं, ‘मॅडम, आमची अर्धी भाषा हातात असते, अर्धी चेहऱ्यावर.’ मी मान डोलावली. लिहून मात्र घेतलं नाही. फाइलमध्ये ‘व्यवसाय’ या रकान्यात मी ‘दुभाषी’ एवढाच शब्द लिहिला आणि पुढे गेले.

तीन आठवडे झाले, सहा झाले, दहा झाले. काहीच नाही. चौदाव्या आठवड्यात डाव्या ओठाच्या कोपऱ्यात एक बारीकशी थरथर दिसली. त्या दिवशी आम्हा दोघींनाही भरून आलं होतं. पुढे भराभर सुधारणा झाली. पाच महिने होता होता डोळा मिटायला लागला, गाल उचलला गेला, आणि मी ते शेवटचं पान लिहिलं.

खरं तर चौदावा आठवडा हीच धोक्याची घंटा होती, आणि ती मला ऐकू यायला हवी होती. चेहऱ्याची नस, म्हणजे फेशियल नर्व्ह, कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते. नसेला सूज आली की बोगद्यात जागा उरत नाही आणि ती चेपली जाते. नुसती चेपली तर काही आठवड्यांत जागी होते. पण आतले तंतू मेले तर ते मुळापासून नव्याने वाढावे लागतात, आणि त्यांची वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कानापासून ओठापर्यंत यायला त्यांना तीन-चार महिने लागतात. म्हणजे सुधारणा तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली तर नस फक्त झोपलेली होती. चौदाव्या आठवड्यात सुरू झाली तर जे परत आलं ते नव्याने वाढून आलं. आणि नव्याने वाढलेले हजारो तंतू आपापल्या जुन्याच घरी पोचतील, याची खात्री कुणी द्यायची? डोळ्याचा तंतू ओठाच्या स्नायूत शिरतो, ओठाचा डोळ्याच्या. एकाच तंतूला दोन फांद्या फुटून एक इकडे, एक तिकडेही जाते. मेंदू हुकूम सोडतो ‘ओठ’, आणि ओठाबरोबर डोळाही उठून उभा राहतो.

याला सिनकायनेसिस म्हणतात. आपण होऊन केलेल्या हालचालीच्या सोबतीने, न बोलावता आलेली हालचाल.

तसं पाहिलं तर थोडीफार सोबत प्रत्येकाच्या शरीरात असते. डोळ्यात औषधाचे थेंब टाकताना तोंड आपोआप उघडतं. लहान मूल कात्री चालवतं तेव्हा कात्रीबरोबर त्याची जीभही चालते. एका हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावायला सांगितलं तर पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या दुसऱ्या हाताची बोटंही हलकेच नाचतात. दहा वर्षांच्या आसपास ते बहुतेक थांबतं, कारण तोवर मेंदूचा एक भाग दुसऱ्याला गप्प बसवायला शिकलेला असतो. काही जण जन्मतःच वेगळ्या जोडणीचे असतात. १८८३ मध्ये मार्कस गन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने एका मुलीचं वर्णन केलं होतं, तिचा जबडा हलला की अर्धवट मिटलेली पापणी झटकन वर जायची. चेहऱ्याच्या लकव्यानंतर येणारी सोबत मात्र मोठ्या वयात, सवयीच्या चेहऱ्यावर येते. कालपर्यंत जो चेहरा आपलं ऐकत होता, तो एका हुकमाला दोन उत्तरं देऊ लागतो.

हे सगळं मला माहीत होतं. विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर चित्र काढून शिकवते.

ताई परत आल्या तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, ‘मॅडम, माझा डोळा मध्येच बोलतो.’

मला वाटलं, पापणी फडफडत असेल. त्या म्हणाल्या, तसं नाही, आणि घडलेलं सांगितलं. कुणाचं, कुठलं, हे त्या सांगत नाहीत, तो त्यांच्या पेशाचा नियम आहे. एवढंच सांगितलं की एक वयस्कर कर्णबधिर गृहस्थ होते आणि समोर डॉक्टर. डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, ‘गोळ्या रोज घेताय ना?’ ताईंनी तो हातांनी मांडला. अनेक सांकेतिक भाषांमध्ये ‘हो की नाही’ असा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. भुवया हलल्या नाहीत तर हातांची तीच खूण नुसतं विधान होते. चेहरा तिथे शोभेसाठी नसतो, तो व्याकरणाचं काम करतो. ताईंची उजवी भुवई वर गेली, डावी जेमतेम गेली. त्यातच खुणेबरोबर ओठांनी शब्दाचा आकार करताना ओठ पुढे आले, आणि डावा डोळा बारीक झाला.

ते गृहस्थ काही क्षण पाहत राहिले. मग त्यांनी हातांनी विचारलं, ‘तुम्हाला माझं खोटं वाटतं का?’

‘डॉक्टरांच्या मनात तसं काहीच नव्हतं हो,’ ताई म्हणाल्या. ‘माझ्याही नव्हतं. मी फक्त मधली. आणि माझ्या तोंडून त्या माणसाला संशय ऐकू गेला.’ त्यांनी तिथल्या तिथे खुलासा केला, माफी मागितली. पण त्यानंतर त्यांनी दवाखान्यातली आणि कोर्टातली कामं घेणं बंद केलं. तीन आठवडे घरीच होत्या. मग माझ्याकडे आल्या.

मी त्यांना आरशासमोर बसवलं आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, मी सांगितलेल्या जागेकडे न पाहता बाकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

‘ओठांचा चंबू करा.’

ओठ व्यवस्थित पुढे आले. पूर्वी मी इथेच थांबले होते, ‘छान’ म्हणून रकान्यात खूण केली होती. आता मी वर पाहिलं. ओठ जसजसे पुढे येत होते तसतशी डावी पापणी खाली येत होती, जणू एका दोरीची दोन टोकं. चंबू पूर्ण झाला तेव्हा डोळ्याची फक्त एक फट उरली होती. त्याच क्षणी हनुवटीच्या डाव्या भागावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे उमटले, आणि गळ्याच्या डाव्या बाजूला कातडीखाली एक पट्टा ताणून उभा राहिला. एका चंबूसाठी तीन अनाहूत पाहुणे.

‘आता डोळे हळूच मिटा. झोपेत मिटतो तसे.’

डोळे मिटले. ओठाचा डावा कोपरा वर आणि बाहेर सरकला, दोन-तीन मिलिमीटर. डोळे मिटलेले असल्यामुळे हे ताईंना आरशात कधी दिसलंच नव्हतं. मी मोबाइलवर टिपून दाखवलं. त्यांनी तो तुकडा चार वेळा पाहिला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे डोळे मिटले की मी हसते?’

चेहरा मोजायच्या दोन पट्ट्या आमच्याकडे जास्त वापरात आहेत. हाउस-ब्रॅकमन १९८५ ची, सहा पायऱ्यांची. अख्ख्या चेहऱ्याला मिळून एक आकडा. लिहायला सोपी, डॉक्टरांना आवडते, आणि घाईच्या ओपीडीत तीच चालते. सनीब्रुक १९९६ ची. तिच्यात पाच हालचाली वेगवेगळ्या पाहायच्या, भुवया उचलणं, डोळा हळूच मिटणं, दात दिसतील असं हसणं, नाक आक्रसून वरचा ओठ उचलणं, ओठांचा चंबू. प्रत्येक हालचालीचे गुण द्यायचे, आणि त्याच ओळीत शेजारी लिहायचं, ही हालचाल करताना दुसरं काय हललं, ० ते ३. म्हणजे ही पट्टी आपल्याला मान वळवून पाहायला भाग पाडते. त्या दिवशी मी ती संपूर्ण भरली. हालचालींचे गुण ८०. त्यातून स्थिर चेहऱ्यातल्या फरकाचे १० वजा, कारण डावा डोळा नुसता बसल्या जागीही किंचित लहान आणि नाकापासून ओठाकडे जाणारी रेघ जास्त खोल. सोबतच्या हालचालींचे ११ वजा. उरले ५९.

८० आणि ५९. माझं शेवटचं पान ८० पाहून लिहिलेलं होतं.

मी हे कसं चुकवलं, यावर मी खूप विचार केला. घाई होती, हे खरं, पण तेवढंच नाही. मी ताईंना प्रत्येक वेळी हसायला सांगत असे, आणि त्या हसल्या की डावा डोळा बारीक व्हायचा. मला ते हसू खरं वाटायचं. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच दाखवून दिलं होतं की मनापासूनच्या हसण्यात ओठ उचलणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि तोंडदेखल्या हसण्यात तो सहसा आकसत नाही. आपण सगळेच नकळत हे वाचत असतो. पाच महिन्यांनी पेशंट हसतो आहे, डोळ्यासकट हसतो आहे, मग थेरपिस्टला आणखी काय हवं? जो दोष होता तो आनंदाच्या वेषात समोर आला आणि मी त्याला ओळखलं नाही. हसण्याऐवजी चंबू आधी पाहिला असता तर लगेच पकडला असता. चंबू करताना डोळा बारीक व्हायचं काहीच कारण नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. ‘घरचे व्यायाम चालू ठेवणे’ असं मी लिहिलं, आणि बरोबर एक कागद दिला. हा कागद मला माझ्या पहिल्या नोकरीत मिळाला होता, झेरॉक्सची झेरॉक्स, हाताने काढलेले गोल चेहरे. डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. मोठं हसा. शीळ घाला. प्रत्येकी २० वेळा, दिवसातून ३ वेळा. ताई कामात चोख बाई. त्यांनी चार महिने एकही दिवस न चुकवता हे केलं. पूर्ण जोर लावून. जोर लावला की चेहऱ्याचे सगळे स्नायू एकदम धावून येतात, आणि ज्या दोन स्नायूंची चुकून गाठ पडली आहे त्यांची एकत्र हलायची सवय घट्ट होत जाते. नस चुकीच्या घरी गेली ती माझ्या कागदामुळे नाही, ते तिने आधीच, हाडातल्या अंधारात ठरवलं होतं. पण चार महिने रोज तीनदा आम्ही त्या चुकीची उजळणी करून घेतली.

तो कागद आजही किती ठिकाणी वाटला जात असेल, या विचाराने मला संताप येतो. त्याच्या जोडीला करंट. चेहऱ्याला करंट दिला नाही तर पेशंटला आपल्यावर उपचारच झाले नाहीत असं वाटतं, आणि आमच्यातले कितीतरी जण त्या वाटण्याला शरण जातात, कारण मशीन लावून पंधरा मिनिटं दुसऱ्या पेशंटकडे जाता येतं. त्याने लकवा लवकर किंवा जास्त चांगला बरा होतो याला भक्कम आधार नाही. आरशासमोर पेशंटच्या शेजारी बसून एका ओठाचा दीड मिलिमीटरचा प्रवास पाहायला मशीन लागत नाही, पाऊण तास लागतो. तो कुणाच्याच वेळापत्रकात बसत नाही. ताईंना मधल्या काळात एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘डोळा मिटतोय ना? मग झालं की.’ त्यांना मी दोष देत नाही. मीही तेच म्हटलं होतं, फक्त इंग्रजी आकडा घालून.

मी ताईंना सगळं सांगितलं. कागद चुकीचा होता हेही. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी अजून जोर लावायला हवा असं मला वाटत होतं, ते उलटं होतं.’ हो, उलटं. डावी बाजू अशक्त असते म्हणून तोंड ओढल्यासारखं होतं, असा सगळ्यांचाच समज. या टप्प्यावर ती बाजू गरजेपेक्षा जास्त काम करत असते. ती कधी विसावतच नाही. म्हणून पेशंट म्हणतात, गाल लाकडासारखा वाटतो, संध्याकाळी चेहरा दुखतो.

हातमोजा घालून मी अंगठा त्यांच्या डाव्या गालाच्या आत ठेवला आणि बाहेरून तर्जनी. उजवा गाल आधी चाचपून पाहिलेला होता, मऊ, सैल. डाव्यात गालफडाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी एक दोरी लागली. हसवणारा स्नायू, झायगोमॅटिकस. त्या दोरीच्या मधोमध शेंगदाण्याएवढी एक गाठ होती, तिथे दाबल्याबरोबर ताईंच्या डोळ्यात पाणी आलं. अशा वेळी घाई करायची नाही. बोट तिथेच ठेवायचं, हाडाकडून ओठाकडे अगदी हळू ताणायचं, आणि वाट पाहायची. मिनिटभर काही होत नाही. मग अंगठ्याखाली काहीतरी सुटल्यासारखं होतं, गोठलेलं तूप बोटाच्या उबेने सुटतं तसं. ते सुटणं मला इतक्या वर्षांनंतरही दर वेळी नव्याने कळतं, आणि या एका गोष्टीबद्दल मला माझ्या हातांचा अभिमान आहे. पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, ‘गाल माझा वाटतोय.’

मग खरा व्यायाम. चंबू करायचा, पण जेमतेम. डोळा हलायला लागतो त्याच्या आधी थांबायचं. ती जागा शोधणं हाच पहिला धडा. पूर्ण चंबू जर दहा आणे असेल तर ताईंचा डोळा तिसऱ्या आण्याला जागा होत होता. म्हणून अडीच आण्यांवर थांबायचं, डोळा उघडा आणि सैल ठेवायचा, दोन श्वास राहायचं, आणि जितक्या हळू गेलो तितक्याच हळू परत यायचं. दिवसातून थोड्या वेळा, पूर्ण लक्ष देऊन. कंटाळा आला की बंद. मोजून वीस वेळा काहीही करायचं नाही. घट्ट मिटणं नाही, फुगे नाहीत, च्युइंगगम नाही. मेहनती माणसाला ‘कमी करा’ हे पटवणं फार अवघड असतं. ताई दोनदा अडीच आणे ओलांडून गेल्या, दोन्ही वेळा डोळा खाली आला. तिसऱ्यांदा त्या थांबल्या. ओठ बाहेरून पाहिले तर काही झालंय असंही वाटलं नसतं. पण डोळा उघडा होता.

बोटॉक्सचंही बोलणं झालं. डोळ्याभोवतीच्या स्नायूत अगदी थोड्या मात्रेत ते दिलं तर तो स्नायू तीन-चार महिने मंदावतो, आणि त्या अवधीत नवी सवय लावायला मोकळीक मिळते. मी त्यांना त्यातल्या तज्ज्ञांकडे पाठवलं. मात्रा जरा जास्त झाली तर पापणी मिटणंच कमजोर पडू शकतं, म्हणून ताईंनी आधी तीन महिने नुसता सराव करून पाहायचं ठरवलं. निर्णय त्यांचा होता आणि मला तो मान्य होता.

आरशाचं एक मला खटकत होतं. आरशात पाहताना माणूस आरशासारखा वागतो. ताई समोर आरसा असला की डोळा सांभाळायच्या, आणि हात हलवून काही सांगायला लागल्या की पुन्हा पहिले पाढे. प्रत्यक्ष भाषेत डोळा कधी बोलतो, हे मला पकडता येत नव्हतं. मला ती भाषाच येत नाही. कुठला बारीक डोळा अर्थाचा आहे आणि कुठला फुकटचा, हे मी कसं ओळखणार?

हे मी बोलून दाखवलं तर पुढच्या भेटीला ताई एका मित्राला घेऊन आल्या. जन्मापासून कर्णबधिर, पन्नाशीचे, ताईंना लहानपणापासून ओळखणारे. ठरलं असं की ताईंनी त्यांच्याशी बोलायचं, आणि डोळा मध्ये बोलला की दादांनी गुडघ्यावरचं बोट उचलायचं. मी बाजूला बसून मोबाइलवर दोघांनाही एका चौकटीत टिपत होते.

पहिल्या दोन मिनिटांत बोट अकरा वेळा उठलं. त्यातल्या चार वेळा मला काहीच दिसलं नव्हतं. घरी येऊन तो तुकडा मी संथ गतीने पाहिला, तेव्हा चारही वेळा खालची पापणी एक केसभर वर सरकलेली दिसली. १६ वर्षं मी चेहरे वाचते आहे, पण दादा आयुष्यभर चेहऱ्यावरच ऐकत आलेले. माझ्या पट्टीवर ० ते ३ असे चारच खण आहेत. त्यांच्या बोटाला त्याच्याहून बारीक कळत होतं. आणि त्यांनी आणखी एक सांगितलं, ताईंनी ते मला बोलून दाखवलं. डोळा ओठांमुळे बोलतो खरा, पण जास्त करून वाक्याच्या शेवटी बोलतो, उत्तराची वाट पाहताना. तिथे ताई ओठ दाबून धरतात. ही त्यांची लकव्याच्या आधीपासूनची सवय होती. आम्ही चंबूवर काम करत बसलो होतो आणि खरी कळ दाबलेल्या ओठांत होती.

तेव्हापासून दादा दर गुरुवारी येतात. व्यायाम आता वाक्यांचा असतो. हात हलवायचे, ओठ सैल ठेवायचे, आणि वाक्य संपलं की काहीच करायचं नाही, नुसतं थांबायचं. हे नुसतं थांबणं शिकायला ताईंना पाच गुरुवार लागले.

मागच्या गुरुवारी त्यांनी दादांना तोच प्रश्न विचारला, ज्यावरून सगळं सुरू झालं होतं. गोळ्या रोज घेताय ना? भुवया वर गेल्या, डावी थोडी मागून आली. हात खाली आले. ओठ सैल होते. मी दादांच्या गुडघ्यावरच्या बोटाकडे पाहत होते, ते हललं नाही. मग दादांचे दोन्ही हात वर आले आणि त्यांनी काहीतरी सांगितलं. मला वाटलं, चूक दाखवताहेत.

‘हो म्हणाले,’ ताईंनी मला सांगितलं. ‘रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घेतात म्हणे.’

मग दादांनी स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं आणि मान हलवली. खळगे अजून दिसत होते. पुढच्या गुरुवारी हनुवटी.